दहा दिवस नाटकवाली शाळेत: दांडीयात्रा करून पाहण्याची सविस्तर पद्धत

वर्गातले बाक भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती. एका मुलाच्या डोक्यावर रद्दीनं भरलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. पुढे पंधरा-वीस मुलं भराभर चालत होती आणि मागून दोघं त्याला हाकत होते, "चल, पाय उचल, पुढे अंधार आहे." पुढचे वेग वाढवायचे, म्हणून तोही पळायचा. तिसऱ्या फेरीला तो थांबला, खोकं खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "ताई, मीपण त्यांच्याबरोबरच चाललोय ना? मग अठ्ठ्याहत्तरांत मला का नाही धरलं?"

साबरमती आश्रमातून गांधीजींबरोबर निघालेल्या यात्रेकरूंची यादी ७८ जणांची, पण हा डोक्यावर ओझं घेतलेला माणूसही १९३०च्या दांडीयात्रेत खरोखर होता. २९ मार्चला भाटगाम इथे गांधीजींनी केलेल्या भाषणात तो येतो. रात्रीच्या वाटचालीत उजेड हवा म्हणून रॉकेलचा जड दिवा तिवईवर ठेवून एका गरीब मजुराच्या डोक्यावर दिला होता आणि त्याला घाई केली जात होती. गांधीजींना ते बघवेना. त्यांनी स्वतःच वेग वाढवला, सगळ्यांच्या पुढे गेले. तर मजुराला त्यांच्यामागे पळवलं गेलं. आपण वेठबिगारीला विरोध करतो, मग ही वेठबिगारी नाही तर काय, असं त्यांनी भर सभेत विचारलं. भाषणात त्या मजुराचं नाव नाही.

शाळांमध्ये नाटकातून इतिहास शिकवताना मी एक गोष्ट हट्टानं पाळते: नायकाची भूमिका कुणालाच द्यायची नाही. गांधीजी कुणी होत नाही, शिवाजी महाराज कुणी होत नाही. भूमिका द्यायची ती कडेला उभ्या असलेल्या आणि काहीतरी ठरवावं लागणाऱ्या माणसाची. नायकानं काय केलं ते मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्या भूमिकेत फक्त पाठांतर उरतं. दिवा वाहणाऱ्या माणसानं काय करावं, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं, आणि विचार तिथे सुरू होतो. पुढची सगळी पद्धत या एका हट्टावर उभी आहे.

रेसिडेन्सी म्हणजे गॅदरिंगची तालीम नव्हे

रेसिडेन्सी हा शब्द आता शाळांमध्ये रुळू लागला आहे. नाटकात काम करणारी व्यक्ती काही दिवस शाळेत मुक्काम ठोकते आणि वेळापत्रकातल्या तासांमध्येच, वर्गशिक्षकांच्या बरोबरीनं काम करते. शाळा सुटल्यावर निवडक दहा मुलांची तालीम घेणं वेगळं. इथे वर्गातलं प्रत्येक मूल असतं, आणि वर्गाच्या बाईंना बाहेर जाऊन वह्या तपासायची सवलत नसते.

या कामाला जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सॉम्प्टिंग नावाच्या खेड्यात हॅरिएट फिन्ले-जॉन्सन या मुख्याध्यापिका इतिहासासह बरेच विषय मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकांतून शिकवत. १९६५ मध्ये कव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं नटांचा एक गट शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली आणि ‘थिएटर इन एज्युकेशन’ हे नाव जगभर झालं. पण वर्गातल्या रोजच्या कामासाठी मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११). त्यांच्या दोन युक्त्या पुढे वापरल्या आहेत. पहिली, शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरून वर्गाला पेचात टाकायचं. दुसरी, मुलांना एखाद्या कामातले जाणकार मानून त्यांच्या हाती खरंखुरं काम सोपवायचं. दोन्हींत प्रेक्षक नसतात, आणि पहिले आठ दिवस आपल्यालाही प्रेक्षक नको आहेत.

आधीचा महिना

मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या: सलग दहा दिवस जोडतास, बाक सरकवता येतील अशी खोली, आणि वर्गशिक्षिका पूर्ण वेळ हजर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक अध्यापनाचा स्पष्ट उल्लेख आहे. परवानगी मागताना तो कामी येतो. दहा दिवस मिळत नसतील तर सहा घ्या, पण जोडतासाचा आग्रह सोडू नका. पस्तीस-चाळीस मिनिटांत मुलं भूमिकेत शिरतात तोवर घंटा होते.

मग बाईंबरोबर निवांत बसा. या बैठकीत विषय ठरवू नका, प्रश्न ठरवा. ‘दांडीयात्रा’ हा विषय झाला. ‘मूठभर मिठासाठी एवढी माणसं का चालली?’ हा प्रश्न झाला, आणि दहा दिवस तो फळ्याच्या कोपऱ्यात पुसायचा नाही. वरच्या वर्गात मुलांना सविनय कायदेभंग तारखांसकट पुन्हा भेटेल. पाचवी-सहावीत कारण कळलं तर ते पुढे टिकतं.

प्रसंग निवडताना तीन गोष्टी पाहा. त्यात सामान्य माणसांना काही ठरवावं लागलं का? त्याचा माग कागदोपत्री सापडतो का? आणि तो अंगानं करता येतो का, म्हणजे चालणं, उचलणं, वाट बघणं, मोजणं असलं काही त्यात आहे का? दांडीयात्रा तिन्हींत बसते. तहाच्या वाटाघाटी, घटनेची कलमं, घराण्यांची वंशावळ मात्र नाटकात आणायचा खटाटोप करू नका. ते फळ्यावर चांगलं शिकवता येतं.

चार कागद

नाटकवाल्यांना पटकन उभं राहून काहीतरी करायची सवय असते. इतिहासाच्या कामात आधी बसायला लागतं. मी चार कागद मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत उतरवून नेते.

पहिला, गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेलं पत्र. रेजिनाल्ड रेनल्ड्स या तरुण इंग्रजाच्या हाती ते पाठवलं होतं, ही बाब मुलांना फार आवडते. पत्रात एक हिशेब आहे: व्हाइसरॉयला रोज ७०० रुपयांहून जास्त मिळतात आणि भारतीय माणसाचं सरासरी उत्पन्न रोजचं दोन आण्यांहूनही कमी आहे. रुपयाचे सोळा आणे, हे सांगून मुलांनाच गणित करू द्या. ७०० रुपयांचे ११,२०० आणे, भागिले दोन, म्हणजे ५,६०० पट. हा आकडा मुलं स्वतः काढतात तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोलत नाही.

दुसरा कागद म्हणजे यात्रेकरूंची यादी. गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात ती त्याच वेळी छापून आली होती. गुजरात, महाराष्ट्र, केरळ, पंजाब, अगदी नेपाळपर्यंतची माणसं तिच्यात आहेत. आश्रमातले संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरेही आहेत. सगळ्यात धाकटा १६ वर्षांचा, आणि गांधीजी तेव्हा ६० वर्षांचे.

तिसरा, वाटेचा नकाशा: साबरमती, असलाली, नडियाद, आणंद, रास, मही नदी, जंबुसर, भरूच, सुरत, नवसारी, दांडी. चौथा, भाटगामचं भाषण.

कागद नाटकाच्या आधीच वाचून दाखवायचे नाहीत. ज्या दिवशी मुलांना त्याची गरज पडेल त्या दिवशी तो कागद बाहेर काढायचा. कंटाळवाणा उतारा अडलेल्या माणसाला दिला की तो लक्ष देऊन वाचतो.

पहिला दिवस: चिमूटभर मीठ

पोशाख नाही, गांधीजींचं नाव नाही. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवते. चाखायचं, बोटानं पसरायचं, आणि एक वाक्य बोलायचं: हे नसेल तर काय होईल? मग विचारते, समुद्र कुणाचा? मुलं एकसुरात म्हणतात, सगळ्यांचा. मग समुद्राच्या पाण्यातलं मीठ कुणाचं? इथपर्यंत आलं की तास संपवायचा.

याच दिवशी कोरा कागद द्या आणि लिहून घ्या: ‘मीठ उचलल्यानं सरकारला काय फरक पडला असेल?’ नाव घाला, तारीख घाला, कागद जपून ठेवा. दहाव्या दिवशी लागणार आहेत.

भूमिकेत शिरायची आणि बाहेर यायची खूणही आजच ठरवा. माझ्याकडे एक करड्या रंगाचं उपरणं आहे. ते खांद्यावर आलं की मी कुणीतरी वेगळी. काढून खुर्चीवर ठेवलं की पुन्हा ताई. मुलांनी ते काढायला सांगितलं तर मी लगेच काढते, आणि हा त्यांचा हक्क आहे हे पहिल्याच दिवशी सांगते. भूमिकेतली माणसं कधीकधी कठोर बोलणार असतात. बाहेर पडायचं दार मुलांना दिसत असलं पाहिजे.

दुसरा दिवस: मिठाचा सरकारी माणूस

आज उपरणं अंगावर येतं आणि मी मीठखात्याची कारकून होते. वर्ग म्हणजे किनाऱ्यावरचं गाव. मी अजिबात ओरडत नाही. नम्रपणे सांगते की १८८२च्या कायद्यानं मीठ करायचा आणि विकायचा अधिकार सरकारचा आहे, ओहोटीनंतर खाचरात साठलेलं मीठ खरवडणं गुन्हा आहे, आणि मी फक्त माझी नोकरी करते आहे. खलनायक झालात की मुलं हसतात आणि नाटकी भांडायला लागतात. शांतपणे, कागद दाखवत अन्याय सांगितला की ती गोंधळतात, एकमेकांकडे बघतात आणि खरे प्रश्न विचारतात. ‘समुद्रानं टाकलेलं मीठ तुम्ही कसं मोजता?’ हा प्रश्न मला एका मुलीनं विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारकुनाकडेही नसतं.

बाई आज गावातल्या म्हातारीच्या भूमिकेत मुलांमध्येच बसतात. शिक्षिकेनं एकदा मांडी घालून वर्गात बसून भूमिका केली की पुढचे आठ दिवस सोपे जातात. त्यांना संकोच वाटत असेल तर दोनच वाक्यांची भूमिका द्या, पण द्या.

तिसरा दिवस: अंतर पायांत

१२ मार्चला निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोचले. जवळपास ३८५ किलोमीटर, चोवीस दिवस, सरासरी रोज १६ किलोमीटर. मैदानाची एक फेरी २०० मीटरची धरली तर एका दिवसाच्या ८० फेऱ्या होतात. मुलांना पाच मारू द्या, उन्हं उतरल्यावर, पाणी जवळ ठेवून. मग नकाशावर असलालीशी थांबा, कारण पहिल्या रात्रीचा मुक्काम तिथे होता. पाय दुखत असतानाच रोजनिशीच्या चार ओळी लिहून घ्या. रोज प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी हा यात्रेकरूंचा नेमच होता, त्यामुळे हा गृहपाठ मुलांना वरून लादलेला वाटत नाही.

चौथा दिवस: पुढे गेलेली तुकडी

यात्रेच्या पुढे एक दिवस चालणारी विद्यार्थ्यांची तुकडी होती, ‘अरुण तुकडी’. गुजरात विद्यापीठातले हे तरुण गावोगाव जाऊन माहिती गोळा करायचे: लोकसंख्या, चरखे, गुरं, मिठाचा खप, असं बरंच काही. हीथकोट यांची जाणकारांची युक्ती इथे चपखल बसते. निम्मा वर्ग तुकडी होतो, निम्मा गाव. तुकडीनं गावाला विचारायचे दहा प्रश्न आधी स्वतः ठरवायचे, मग घरोघर फिरायचं. गावातल्या मुलांनी आपापलं घर ठरवायचं: माणसं किती, जमीन कुणाची, मीठ कुठून आणता.

या दिवशी गलका होतो. होऊ द्या. बाई काळजीत पडतात, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. म्हणूनच शेजारच्या वर्गाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पंधरा मिनिटांनी तुकडी परत येते आणि अहवाल देते. तो अहवाल ज्या गांभीर्यानं वाचला जातो, ते बघितलं की आधीच्या गलक्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

पाचवा दिवस: मुखीचा राजीनामा

माझ्या मते हा दहा दिवसांतला सगळ्यात मोलाचा तास आहे, म्हणून त्याला दोन्ही तास पूर्ण द्या.

गांधीजी वाटेतल्या गावांमध्ये सरकारी कामात असलेल्या मुखींना, म्हणजे गावच्या पाटलांना, राजीनामे द्यायला सांगत होते, आणि अनेकांनी दिले. आता आपला मुखी रचूया. त्याचं घर, मुलं, सरकारी मान, थोडीशी जमीन. गावानं राजीनाम्याचा आग्रह धरला आहे; कलेक्टरच्या कचेरीतून ताकीद आली आहे; बायको म्हणते, धाकटीचं लग्न व्हायचंय. हे सगळं मुलांकडूनच काढून घ्या.

मग मनाची गल्ली करा. वर्ग दोन रांगांत समोरासमोर उभा राहतो, मध्ये चिंचोळी वाट. एक मूल मुखी होऊन त्या वाटेनं सावकाश चालतं. जवळून जाताना प्रत्येकानं त्याच्या मनातलं एक वाक्य हळू आवाजात बोलायचं. एका बाजूची वाक्यं ‘दे’ म्हणणारी, दुसऱ्या बाजूची ‘देऊ नकोस’ म्हणणारी. ‘तुझा मुलगा उद्या काय म्हणेल?’ ‘पगार गेला तर खाशील काय?’ ‘रासला वल्लभभाईंना पकडलं, तुला सोडतील?’ हे शेवटचं वाक्य यावं म्हणून ७ मार्च १९३०ला रास इथे वल्लभभाई पटेलांना अटक झाली हे तासाच्या सुरुवातीला सांगून ठेवा. गल्लीच्या टोकाला मुखी थांबतो. ठरवतो. जे ठरवेल ते आपण स्वीकारायचं.

पाच-सहा मुलांना मुखी होऊ द्या. काही राजीनामा देतात, काही देत नाहीत. ‘देत नाही’ म्हणणाऱ्याला चुकीचं ठरवण्याचा मोह आवरा. तोंडातून एक शब्द न काढता नुसत्या चेहऱ्यानंही तुम्ही उत्तर सुचवू शकता, आणि मुलं चेहरा फार लवकर वाचतात. सगळ्यांनीच राजीनामे दिले नव्हते. न देणाऱ्यांच्याही घरात कुणीतरी रात्री जागं असणार, एवढं मुलांना जाणवलं की तास सार्थकी लागला.

सहावा दिवस: यादीत मुली कुठे?

यादीचा कागद आज वाटा आणि गप्प बसा. चार-पाच मिनिटांत कुणीतरी मुलगी विचारतेच. आश्रमातून निघालेल्या त्या ७८ जणांत एकही स्त्री नव्हती. गांधीजींनी स्त्रियांसाठी दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभं राहून गिऱ्हाइकांना रोखण्याचं काम वेगळं ठेवलं होतं. अनेक स्त्रियांना ते पटलं नाही आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. पुढे स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर आल्या, सरोजिनी नायडूंनी धारासणाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व केलं.

नाटक करायचं ते ११ मार्चच्या रात्रीचं, आश्रमातलं. बांधाबांध चालू आहे. बहीण भावाची वळकटी बांधते आहे. दोघांमध्ये काय बोलणं होईल? जोड्या करा आणि मुलगे-मुली भूमिका अदलाबदल करा. इथे मी काहीच सांगत नाही, मुलांचे संवाद मुलांचेच राहू देते.

सातवा दिवस: दिवा

सुरुवातीला सांगितलेला प्रसंग तो हाच. पण एक काळजी मनापासून सांगते: दिवेवाल्याची भूमिका एका मुलाला कधीही चिकटवू नका. वर्गात ज्याचे आईवडील हमाली, मजुरी करतात ते मूल बसलेलं असतं, आणि त्याच्याच डोक्यावर खोकं गेलं तर आपण भाटगाममध्ये झालं तेच पुन्हा केलं. म्हणून खोकं फिरवायचं. प्रत्येक मूल काही पावलं ते वाहतं, प्रत्येक मूल काही पावलं हाकणारं होतं. पहिली पाळी बाईंची. खोक्यात फक्त रद्दी, वजन एवढंच की मान जरा ताठ ठेवावी लागेल.

आधी प्रसंग करा, मग कागद द्या. मुलं पळून दमलेली असतात आणि त्याच क्षणी गांधीजींचं भाषण वाचतात. त्यात सुरतेहून मोटारीनं दूध मागवल्याबद्दलचा रागही आहे. गरिबांच्या नावानं चाललेली यात्रा अशी उधळपट्टी कशी करते, हा त्यांचा मुद्दा होता. मोठा माणूस स्वतःच्याच माणसांची चूक सभेत उघडपणे सांगतो, हे मुलांना नवं असतं. नंतर प्रश्नांची खुर्ची मांडा. त्यावर दिवेवाला बसतो आणि वर्ग विचारतो. एकच अट: ठाऊक नसेल तर ‘मला आठवत नाही’ म्हणायला परवानगी.

भिंतीवरच्या दोन पट्ट्या

पहिल्या दिवसापासून वर्गाच्या भिंतीवर कागदाच्या दोन लांब पट्ट्या लावलेल्या असतात, एक पांढरी, एक पिवळी. तासाच्या शेवटी मुलं चिठ्ठ्या चिकटवतात. कागदात सापडलं ते पांढरीवर, आपण रचलं ते पिवळीवर. ‘मजुराला पळवलं’ पांढरीवर. ‘मजूर घरी जाऊन रडला’ पिवळीवर. कुणाची चिठ्ठी चुकीच्या पट्टीवर आहे असं वाटलं तर कागद दाखवून ती हलवायची.

नाटकानं इतिहास खोटा होतो, ही तक्रार शिक्षकांकडून मी पुष्कळदा ऐकली आहे आणि ती रास्त आहे. मुलांना आपण केलेलं दृश्य इतकं खरं वाटायला लागतं की मुखीच्या धाकटीचं लग्नही इतिहासात होतं असं ती शपथेवर सांगतील. या पट्ट्यांनी ते आवरतं. शिवाय पुरावा म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता कळतं. रेसिडेन्सीतून बाकी सगळं गळालं तरी चालेल, पट्ट्या मात्र गाळू नका.

आठवा दिवस: मीठ, आणि मारहाण दाखवायची नाही

६ एप्रिलची सकाळ. १९१९ मध्ये याच तारखेला रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला होता, म्हणून हा दिवस निवडला होता. गांधीजींची जागा इथेही रिकामी असते. एक काठी भिंतीला टेकवून ठेवायची. सगळे त्या काठीकडे बघतात, आणि बघणाऱ्यांचे पुतळे करायचे. एकेका पुतळ्याच्या खांद्याला हात लावला की त्यानं मनातलं बोलायचं. दुरून बघणारा पोलीस शिपाईसुद्धा त्यात हवा. तोही इथलाच, त्यालाही घर आहे.

पुढची गोष्ट मुलं विचारतातच: मग पोलिसांनी काय केलं? ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली, आणि २१ मेला धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या. ते दृश्य मुलांकडून कधीही करून घेऊ नका. खेळातली लाठी दोन मिनिटांत गंमत होते किंवा खरी लागते, आणि दोन्ही वाईट. त्याऐवजी वर्गाला वर्तमानपत्राची कचेरी करा. वेब मिलर या अमेरिकन पत्रकारानं ती मारहाण डोळ्यांनी पाहिली आणि बातमी जगभर पाठवली. आपल्या कचेरीत तशी तार येते आहे. मी एकेक ओळ वाचते, मुलं लिहून घेतात. मथळा काय द्यायचा? पहिल्या पानावर घ्यायची का? सेन्सॉरनं अडवली तर? मुलं प्रसंगापासून एवढ्या अंतरावर असतात की भीती वाटत नाही, आणि एवढी जवळ असतात की पेन थबकतं.

नववा आणि दहावा दिवस

नवव्या दिवशी फक्त निवड. आठ दिवसांतले तीन क्षण मुलांनी ठरवायचे आणि एकदा जोडून पाहायचे. संवाद लिहून पाठ करायला लावू नका, क्रम पाठ असला की पुरे.

दहाव्या दिवशी पालकांना बोलवा, वर्गातच, पंचवीस मिनिटांसाठी. माइक नको, मिशा नकोत, भाड्याचे पोशाख तर नकोतच. पालक भिंतीला टेकून बसतात आणि मधूनच मुलं त्यांनाही मनाच्या गल्लीत उभं करतात. एखादा बाबा मुलाच्या कानाशी ‘देऊ नकोस रे राजीनामा’ म्हणतो तेव्हा आवाज कापरा झालेला असतो. गर्दीची सवय नसलेली, न बोलणारी मुलं नकाशावर यात्रेची खूण पुढे सरकवतात, चरखा फिरवायची हालचाल करतात, काठी धरतात. ती कामं शोभेची नाहीत. खूण सरकली नाही तर पुढचा प्रसंग सुरूच होत नाही.

पटावर साठ मुलं असली तरी हे जमतं. वर्गाचे दोन भाग करा. एक भाग करतो तेव्हा दुसरा चिठ्ठ्या लिहितो, मग अदलाबदल.

गुण कशाला द्यायचे

अभिनयाला देऊ नका. पहिल्या दिवशीचा प्रश्न दहाव्या दिवशी पुन्हा लिहायला द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. तीन गोष्टी तपासा: मुलानं कारण दिलं का, ते कारण कुठल्या कागदातून आलं हे सांगितलं का, आणि आपल्याला न पटणाऱ्या माणसाची बाजूही एका वाक्यात तरी मांडली का. पहिल्या कागदावर बहुतेकदा ‘सरकार घाबरलं’ एवढंच असतं. दुसऱ्यावर कर येतो, मुखी येतो, शिपाई येतो. सनावळीची वेगळी परीक्षा घ्यायचीच असेल तर घ्या. १२ मार्च आणि ६ एप्रिल या तारखा मुलं विसरत नाहीत, कारण त्यांमधलं अंतर त्यांनी मैदानात मोजलेलं असतं.

निघताना

उपरणं मी शाळेतच ठेवून येते. चार कागदांच्या प्रती, नकाशा आणि रिकामं खोकंही तिथेच राहतं. बाईंनी महिन्याभरात एक प्रसंग स्वतः घ्यायचा, एकाच तासाचा, आणि त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसते, मध्ये बोलत नाही. एका बाईंनी कोकणातल्या शिरोड्याच्या मिठागरावरचा १९३०चाच सत्याग्रह निवडला होता. तयारीच्या दिवशी त्यांनी मला फोन केला तो नाटकाबद्दल विचारायला नव्हता. शिरोड्याच्या मिठागरात रोज राबणाऱ्या माणसांना सत्याग्रही आले त्या दिवशीची मजुरी मिळाली का, हे कुठल्या कागदात सापडेल, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही दोघींनी मिळून आधी ती चिठ्ठी लिहिली, प्रश्नचिन्हासकट, आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध लावली.